निम्मेकाकांचा साबण

कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं बाटल्या पुसून, बर्नर पेटवून आणि मुलांच्या हातून फुटलेल्या काचा गोळा करून निम्मेकाका निवृत्त झाले. निरोपाच्या सभेत प्राचार्यांनी त्यांचं खरं नाव घेतलं, तेव्हा मागच्या रांगेतल्या दोघांनी एकमेकांना विचारलं, आज आणखी कुणाचा निरोप आहे का. इतकं ते नाव वापरातून गेलं होतं.

निम्मे हे त्यांचं आडनाव नव्हतं, तो स्वभाव होता. काडेपेटीतली काडी ते ब्लेडने उभी चिरून तिच्या दोन करत. त्यातल्या बऱ्याच पेटण्याआधीच मोडत, पण एकंदरीत आपण फायद्यात आहोत असं काकांचं म्हणणं. बसमधून अर्ध्या रस्त्यात उतरून पुढे चालत जात. वर्तमानपत्र त्यांनी खालच्या मजल्यावरच्या निवृत्त पोस्टमास्तरांबरोबर वाटून घेतलं होतं. सकाळी पहिली चार पानं यांची, उरलेली त्यांची, आणि दुपारी अदलाबदल. त्यामुळे एखाद्या बातमीचा पुढचा भाग पाचव्या पानावर असला, तर चोर सापडला की नाही हे काकांना दुपारच्या चहालाच कळे.

या सगळ्यामागे त्यांचा एक सिद्धांत होता. लिहिणारा माणूस भित्रा असतो, कमी पडलं तर आपल्यावर येईल म्हणून तो नेहमी दुप्पट लिहितो. डॉक्टर दोन गोळ्या लिहितात तेव्हा त्यांच्या मनात एकच असते. डब्यावर दोन चमचे लिहिलेलं असतं तेव्हा काम एकातच भागतं. काका आयुष्यभर एकातच भागवत आले होते.

प्रयोगशाळेतही त्यांनी तेच केलं. कॉलेज काही श्रीमंत नव्हतं. रसायनं वर्षातून एकदाच येत आणि काका येण्यापूर्वी वर्ष संपायच्या कितीतरी आधी कपाटं रिकामी होत. काका आले आणि बाटल्या परीक्षेपर्यंत पुरायला लागल्या. हे कसं झालं ते कुणी विचारलं नाही, आणि काकांनी सांगितलं नाही. विद्यार्थ्यांना द्यायचं द्रावण बनवताना ते पुस्तकात लिहिलेल्याच्या निम्मं रसायन घालत आणि उरलेली जागा पाण्याने भरत. रंग तोच, वास जवळजवळ तोच, लेबलही तेच. निरोपाच्या सभेत प्राचार्य म्हणाले की अशी काटकसर संस्थेच्या इतिहासात झाली नाही. ते ऐकताना काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. सभागृहातले काही प्राध्यापक मात्र त्या वेळी खाली मान घालून बुटांकडे बघत होते. काकांना वाटलं, त्यांनाही भरून आलं असावं.

आता घर. घरात काकू आणि काका, दोघंच. मुलगी नोकरीच्या गावी राहत होती. काकू शिवणकाम करत. पुढच्या खोलीत खिडकीपाशी त्यांचं मशीन होतं, बाजूच्या टेबलावर कापड, आणि गळ्यात मोजमापाची टेप सकाळपासून झोपेपर्यंत. एकतीस वर्षं दिवसभर घरात त्यांचंच राज्य होतं. काका निवृत्त झाले आणि पहिल्या आठवड्यातच त्यांनी चहाखालचा गॅस बारीक केला, बाथरूममधला दिवा काढून कमी उजेडाचा लावला, आणि मग काकूंच्या मागे उभं राहून बराच वेळ मशीनकडे बघत राहिले. टाका जरा लांब घेतला तर दोरा निम्माच लागेल, असं त्यांनी सुचवलं.

काकूंनी मशीन थांबवलं. चष्मा काढला.

“तुम्ही घरातलं एक काम घ्या,” त्या म्हणाल्या. “कुठलंही घ्या. पण पूर्ण घ्या, आणि बाकीच्यात तोंड घालू नका.”

काकांनी दिवसभर विचार करून कपडे धुण्याचं काम घेतलं. एकतीस वर्षं परीक्षानळ्या धुतलेल्या माणसाला सदरा धुणं काही जड नव्हतं. पहिले काही दिवस तर ते सदऱ्याच्या बाह्या परीक्षानळीच्या ब्रशनेच आतून घासत होते. पण काम हातात घेतल्यावर त्यांच्या लक्षात आलं की घरात साबण नावाची एक वस्तू आहे आणि ती रोज झिजते. झिजते म्हणजे डोळ्यांदेखत झिजते. काकांचा जीव वरखाली व्हायला लागला. त्यांनी वडीचे दोन तुकडे केले, पण दोन्ही तुकडे मिळून तेवढ्याच दिवसांत संपले. मग त्यांनी सदऱ्याच्या फक्त पुढच्या बाजूला साबण लावायला सुरुवात केली. काकूंनी पाठीवरचा मळ दाखवला, तेव्हा काका शांतपणे म्हणाले की माणसाला लोक समोरून भेटतात.

“आणि निघून जाताना?” काकूंनी विचारलं.

अशातच एका रविवारी पुरवणीत लेख आला, धुण्याचा साबण घरीच बनवा. साहित्य काकांच्या पानावर होतं आणि कृती पोस्टमास्तरांच्या पानावर, त्यामुळे दुपारपर्यंत जीव टांगणीला लागला. पण सगळं हाती आलं तेव्हा काका हरखून गेले. एक किलो तेल, एकशे तीस ग्रॅम कॉस्टिक सोडा, तीनशे ग्रॅम पाणी. बस्स. तळणीचं वापरलेलं तेलही चालेल, असं लिहिलं होतं. आणि खाली ठळक अक्षरांत, वजनात तडजोड करू नये. ती ठळक अक्षरं बघून काकांनी मान हलवली. एवढा भित्रा लिहिणारा त्यांनी बऱ्याच वर्षांत पाहिला नव्हता.

तेल कॉलेजच्या कॅन्टीनवाल्याने फुकट दिलं. त्याच्याकडे दिवसभर कांदा तळणं चाले, आणि ते तेल पुढे कुठे टाकायचं हा त्याच्या डोक्याला तापच होता. त्याने डबा भरून दिला, वर एवढंच म्हणाला की काका, काहीही करा पण खाऊ नका. काकांनी ते जुन्या बनियनमधून तीनदा गाळलं. रंग कडक चहासारखा राहिला. वास राहिला त्याबद्दल ते काही बोलले नाहीत.

पुढच्या रविवारी सकाळी मागच्या गॅलरीत साबण घातला. काकांनी प्रयोगशाळेतला जुना खाकी एप्रन चढवला, डोळ्यांवर काचेचा मोठा चष्मा, हातात रबरी मोजे. समोरच्या इमारतीतली माणसं खिडकीत येऊन उभी राहिली. काका गंभीर होते. एका बाबतीत त्यांचा हात कधी चुकला नव्हता, जहाल रसायन पाण्यात घालायचं, त्याच्यावर पाणी ओतायचं नाही. हे वाक्य त्यांनी एकतीस वर्षं प्रत्येक नव्या वर्गाला ओरडून सांगितलं होतं. काकूंच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर त्यांनी सोडा तोलला. पासष्ट ग्रॅम. पुडीत अजून बराच होता. त्यांनी पुडीचं तोंड रबर लावून बंद केलं आणि ती वरच्या फळीवर ठेवली.

सोडा पडताच पाणी आपोआप तापलं, स्टीलच्या बादलीला हात लाववेना. गॅसशिवाय पाणी तापलेलं पाहून काकांना झालेला आनंद शब्दांत सांगण्यासारखा नाही. ते तेलात ओतून त्यांनी ढवळायला घेतलं. हाताला लागला तो डाव घेतला, तो काकूंचा ॲल्युमिनियमचा होता. मिश्रण फसफसायला लागलं, तेव्हा काकांना वाटलं काम जोरात चाललंय. तासभर ढवळून खांदा गळाला, मग डाव बाहेर काढला. तो काळा पडला होता, कडा खाल्ल्या गेल्या होत्या आणि मधून गॅलरीचा कठडा दिसत होता. काकूंनी तो हातात घेऊन उजेडाकडे धरला, भोकातून काकांकडे पाहिलं आणि बाजारात जाऊन लाकडी डाव आणला.

मिश्रण बुटांच्या खोक्यात प्लास्टिक घालून ओतलं. ते उबेत ठेवा असं लेखात होतं, म्हणून काकांनी वर जुनी रजई पांघरली. काकूंनी विचारलं, अंगाईपण म्हणायची आहे का. मग चार आठवडे वाट पाहणं. काका रोज सकाळी रजई उचलून बोटाने दाबून बघत आणि रोज बोटाचा खड्डा पडे. अजून कोवळा आहे, ते म्हणत. पोस्टमास्तर जिन्यात भेटले की बाळाची चौकशी करावी तशी चौकशी करत.

चौथ्या आठवड्यात सुरी लावली. ती लोण्यातून जावी तशी गेली आणि चकाकत बाहेर आली. दहा वड्या झाल्या, दहाही वड्यांना घाम फुटलेला. काकांनी त्या वर्तमानपत्राने टिपल्या, तर कागद असा पारदर्शक झाला की अग्रलेखातून मागची चपलांची जाहिरात वाचता येऊ लागली. स्वतःचे दोन बनियन धुऊन पाहिले. फेस जेमतेम आला. काकांनी त्याचाही उलगडा केला. फेस म्हणजे नुसता दिखावा, काम साबण करतो.

इथवर सगळं घरातल्या घरात होतं. पुढे जे झालं ते काकांनी चांगल्या मनाने केलं, हे आधीच सांगायला हवं.

काकूंकडे त्या वर्षीचं सगळ्यात मोठं काम आलं होतं. शाळेच्या गायनवृंदासाठी छत्तीस पांढरे शर्ट. महिनाभर त्या मशीनवर वाकून होत्या. सोमवारी सकाळी शर्ट द्यायचे होते, दुपारी मुलं ते घालून गाणार होती. शुक्रवारी सगळं शिवून झालं, फक्त गळ्याची बटणं कमी पडली, म्हणून काकू बाजारात गेल्या. टेबलावर शर्टांची चवड होती. त्यांवर खडूच्या खुणा होत्या, मशीनच्या तेलाचा एखादा ठिपका, बोटांचे डाग. काकांच्या मनात आलं, बिचारीने इतकं केलंय, आपण एवढं तरी करावं.

त्यांनी छत्तीसच्या छत्तीस शर्ट धुतले. पुढून धुतले, मागून धुतले, कॉलर धुतल्या, काखा धुतल्या. हात आखडता न घेता, सहा वड्या संपवून. आयुष्यात त्यांनी एखादं काम इतकं पूर्ण केलं नव्हतं. गॅलरीत तीन दोऱ्या बांधून सगळे ओळीने वाळत घातले आणि खुर्ची टाकून बसले.

काकू परत आल्या. बटणांची पुडी हातात तशीच धरून त्या गॅलरीच्या दारात उभ्या राहिल्या. लग्नाला चौतीस वर्षं झाली होती आणि नवऱ्याने न सांगता आपलं काम हलकं करावं हे पहिल्यांदाच घडत होतं. त्या पुढे झाल्या, एक बाही हातात घेतली, गालाला लावावी म्हणून वर नेली आणि नाकापाशी थांबल्या.

“अहो,” त्या म्हणाल्या, “हा कांद्याचा वास कुठून येतोय?”

ओल्या शर्टांवर फारसं दिसत नव्हतं. वाळल्यावर दिसलं. पाठीवर, खिशावर, बाहीवर तेलाचे पारदर्शक नकाशे उमटले होते. काकूंना वाटलं, इस्त्रीने जाईल. त्यांनी दोन शर्टांवर गरम इस्त्री फिरवली. डाग पक्के झाले आणि वाफेबरोबर घरभर असा खमंग वास सुटला की पोस्टमास्तरांनी खालून हाक मारून विचारलं, आज वरती काय तळताय.

काकूंनी इस्त्री बंद केली आणि स्टुलावर बसल्या. काकांना त्या ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, सोडा किती घातला होतात. काका म्हणाले, पासष्ट. आणि लिहिला किती होता? काका म्हणाले, एकशे तीस.

“मग बाकीचे पासष्ट कुणासाठी ठेवलेत?”

काकांनी वरच्या फळीकडे पाहिलं. रबर लावलेली पुडी तिथे होती. दात कोरून पोट भरत नाही ही म्हण त्यांनी हजारदा ऐकली होती. पण कोरलेला दातच हातात आला, असं त्यांना त्या दिवशी वाटलं.

शनिवारी सकाळी काका एक वडी कागदात गुंडाळून कॉलेजात गेले. बसमधून अर्ध्यात न उतरता थेट गेले, यावरून त्यांची अवस्था ओळखावी. प्रयोगशाळेत रसायनशास्त्राच्या मॅडम एकट्याच होत्या, सोमवारच्या वर्गाची मांडणी करत होत्या. त्या याच कॉलेजात शिकल्या आणि चार वर्षांपासून इथेच शिकवत होत्या. बोलायला कमी, वजनाला काटेकोर. दुकानातून आणलेल्या सीलबंद बाटलीतलं रसायनसुद्धा तपासल्याशिवाय वापरत नाहीत, अशी त्यांची ख्याती. काकांना त्यांचा थोडा धाकच वाटे.

मॅडमनी वडी दाबली, हुंगली, काकांना सगळं प्रमाण विचारलं आणि एका कागदावर लिहून काढलं. मग म्हणाल्या की साबण निम्म्याच तेलाचा झालाय, उरलेलं तेल तेलच राहिलंय. शिवाय डावाने थोडा सोडा खाल्ला तो वेगळाच. तुम्ही शर्ट साबणाने धुतलेत आणि लगेच तेलात बुडवलेत, असं समजा.

“काका, एकशे तीसचे पासष्ट का केलेत?”

काकांनी सिद्धांत सांगितला. लिहिणारा माणूस भित्रा असतो वगैरे. सांगताना तो त्यांना नेहमीइतका भक्कम वाटला नाही. मॅडमनी पेन खाली ठेवलं.

“म्हणजे आमच्या द्रावणांतही तुम्ही हेच करत होता.”

हा प्रश्न नव्हता. आतली गोष्ट आपल्याशिवाय कुणाला ठाऊक नाही, याची त्यांना इतकी खात्री होती की नाही म्हणायचंही सुचेना. तुम्हाला कसं कळलं, असं त्यांनी कसंबसं विचारलं.

मॅडमनी सांगितलं ते असं. सगळ्यांना माहीत होतं. काकांच्या दुसऱ्याच वर्षी पूर्वीच्या विभागप्रमुखांच्या ते लक्षात आलं होतं. पण कपाटं भरलेली राहत होती, वर लिहून जास्त रसायन मागायची कटकट वाचत होती, म्हणून त्यांनी सोपा मार्ग काढला. दरवर्षी पहिल्या तासाला ते मुलांना सांगत, उत्तर आलं की त्याला दोनने गुणा. कुणी विचारलं का, तर म्हणत, या प्रयोगशाळेचं हवामान तसं आहे. मुलांनी त्या दोनला नाव ठेवलं होतं, काकांचे दोन. वहीच्या समासात नुसतं ‘का. दो.’ लिहिलं तरी सरांना कळे.

काका बाकावर बसले. एकतीस वर्षं आपण अख्खी प्रयोगशाळा हुशारीने चालवली असं ते समजत होते, आणि तीस वर्षं त्यांच्या पाठीमागे प्रत्येक माणूस मुकाट्याने गुणाकार करत होता. निरोपाच्या सभेत बुटांकडे बघणारी तोंडं त्यांना एकेक करून दिसली.

“सगळ्यांना माहीत होतं?”

“मला सोडून,” मॅडम म्हणाल्या. “मी वर्षाच्या मध्ये दुसऱ्या गावाहून आले. पहिला तास चुकला होता.”

परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले होते. बाकीच्या मुलांनी गुपचूप दोनने गुणून बरोबर उत्तर लिहिलं. या मुलीने जे आलं तेच लिहिलं, तीनदा करून पाहिलं आणि तीनदा तेच आलं. ती एकटी नापास झाली. त्या दिवशी ती प्रयोगशाळेबाहेरच्या जिन्यावर बसून होती.

काकांना तो जिना आठवला. मांडीवर दप्तर घेऊन बसलेली एक मुलगीही आठवली.

“मी तुम्हाला तिथून उठवलं होतं,” ते म्हणाले. “झाडायचं होतं म्हणून.”

“हो. सहा महिने घरी बसले मी. आईने विणकाम शिकवलं.” मॅडमनी वडी पुन्हा कागदात गुंडाळली. “अजून येत नाही.”

हसावं की काय करावं ते काकांना कळेना. मॅडम हसल्या नव्हत्या.

“चुकलं माझं, मॅडम.”

“चुकलंच,” त्या म्हणाल्या, आणि काट्यावरचं झाकण काढून तो काकांसमोर सरकवला. सोड्याऐवजी मिठाची बरणी पुढे ठेवली. एकशे तीस ग्रॅम तोला म्हणाल्या.

काका चमच्याने मीठ घालू लागले. पासष्टवर हात थांबला. त्यांनी थांबवला नाही, तो आपोआपच थांबला, जसा रोजच्या रस्त्याने जाणारा बैल रोजच्या दारात थांबतो. मॅडम खिडकीकडे बघत उभ्या राहिल्या. काकांनी अजून अर्धा चमचा घातला, मग अजून अर्धा. शंभरच्या पुढे गेल्यावर आपण कुणाचं तरी घर लुटतोय असं त्यांना वाटायला लागलं. शेवटी काटा स्थिरावला, तेव्हा मॅडम वाकून बघून म्हणाल्या, “एकशे एकतीस. एक काढा.”

शर्टांसाठी त्यांनी उपाय लिहून दिला. कडक गरम पाणी, धुण्याचा सोडा, भांडी घासायचा साबण, आणि सगळं भरपूर. भरपूर या शब्दाखाली त्यांनी दोन रेघा मारल्या. काकांनी कोपऱ्यावरच्या दुकानातून सोड्याची मोठी पुडी आणि चार अख्ख्या वड्या घेतल्या. दुकानदाराने काळजीने विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना.

शनिवार दुपार आणि रविवार अख्खा, दोघं नवरा-बायको बाथरूममध्ये होते. काका पाणी तापवून आणत, काकू घासत, मग काका घासत आणि काकू पिळत. तीन-तीनदा धुतले. काकूंच्या बोटांना सुरकुत्या पडल्या. त्या फारसं बोलत नव्हत्या, पण रविवारी दुपारी काकांनी एका शर्टाच्या पाठीला दुसऱ्यांदा साबण लावला तेव्हा त्या म्हणाल्या, पुरे, कापड फाटेल. काकांना ते वाक्य फार गोड लागलं. चौतीस शर्ट निघाले. इस्त्री फिरलेले दोन निघेनात. उरलेल्या कापडातून काकूंनी ते सोमवारी पहाटे उठून नव्याने शिवले आणि काकांनी शेजारी बसून बटणं लावली. टाके भरपूर घातले होते, एकेका बटणाला सुईच जाईना.

शर्ट तासभर उशिरा पोचले. काकूंनी शाळेच्या बाईंना खरं काय ते सांगून टाकलं. बाईंनी एक शर्ट नाकाशी धरला आणि चांगला आहे म्हणाल्या. गाणं छान झालं. मुलांना त्या दिवशी वेळेआधीच भूक लागली अशी तक्रार एका शिक्षिकेने केली म्हणतात, पण मुलांना भूक केव्हाही लागते.

उरलेल्या वड्या टाकायच्या नाहीत, असं मॅडमनी सांगितलं होतं. त्या किसून, थोडं पाणी घालून, मंद आचेवर वितळवल्या आणि राहिलेला सोडा मॅडमनी काढून दिलेल्या हिशेबाने घातला, लाकडी डावाने ढवळत. काका दर थोड्या वेळाने रंग बदलणारी कागदी पट्टी बुडवून बघत. महिन्याभराने जी वडी झाली ती टेबलावर आपटली तर टेबल वाजलं. फेस असा आला की काका घाबरून मागे सरले. फेस म्हणजे दिखावा हे मत त्यांनी त्याच दिवशी कोणाला न सांगता मागे घेतलं.

पण जिन्यावरची ती मुलगी त्यांच्या डोक्यातून जाईना. पंधरा दिवसांनी ते पुन्हा कॉलेजात गेले, आणि कपाटातल्या सगळ्या बाटल्यांची ताकद तपासून खरी लेबलं लावायची परवानगी मागितली. मॅडमनी दिली. तपासायच्या मॅडम, लिहायचे काका. आठवडाभर ते जेवणाचा डबा घेऊन जात होते. एकशे बेचाळीस बाटल्या झाल्या. नवी द्रावणंही त्यांनी पुस्तकात लिहिल्याप्रमाणे भरून ठेवली, थेंबाने कमी नाही. त्या सत्रात जुन्या वर्गातल्या निम्म्याहून अधिक मुलांची उत्तरं दुप्पट आली. हाताला सवय झाली होती, दोनने गुणल्याशिवाय त्यांना चैन पडत नव्हती. मुलांनी तक्रार केली की काका गेल्यापासून प्रयोगशाळा बिघडली आहे. मॅडमनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, काकांचे दोन बंद. ते काकांनी स्वतः वाचलं आणि खाली खडूने रेघ ओढून दिली.

याचा अर्थ काका बदलले असं कुणी समजू नये. काड्या ते अजूनही चिरतात. पण साबणाच्या दिवशी काट्यापुढे उभे राहिले की वेगळा माणूस असतो.

पुढच्या वर्षी कॅन्टीनवाल्याने मासे तळायला सुरुवात केली. काकांनी त्या तेलाचा डबा घरी आणला, तेव्हा काकूंनी दार उघडलंच नाही. दोन मांजरं मात्र जिन्यापर्यंत सोबत आली होती. डबा परत गेला. मग काकांनी दुकानातून नवं तेल विकत आणलं, सीलबंद. नव्या तेलाचा साबण दुकानातल्या साबणापेक्षा महाग पडतो, हे काकूंना ठाऊक होतं आणि काकांनाही. हा हिशेब दोघांनीही कधी कागदावर केला नाही.

आता वर्षातून दोनदा, रविवारी सकाळी, गॅलरीत बादली निघते. काका चष्मा लावून सोडा तोलतात, काकू तेल ओततात. ढवळायला बराच वेळ लागतो आणि एका माणसाचा खांदा पुरत नाही. काका दमले की काकू डाव घेतात, आणि काका कठड्याला टेकून उभे राहतात. समोरच्या खिडकीतल्या बाईने विचारलं की किती वड्या होतील, तर काका सांगतात. त्यातली एक तिची असते. मिश्रण घट्ट व्हायला लागलं की डावाचा माग वर दिसतो. तो दिसला की काकू म्हणतात, झालं, आणि हात धुऊन मशीनवर जाऊन बसतात. काका मात्र थोडा वेळ तसेच ढवळत राहतात.